घर लावणाऱ्या रेडीजबाई

रेडीजबाई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा चपला काढायच्या आधी दारातच उभं राहून त्यांनी हवा हुंगली. मग बैठकीच्या खोलीवरून सावकाश नजर फिरवली, सोफ्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "हे घर विकायला काढलं असतंस, तर गेलं असतं असं वाटतं तुला?" मी म्हटलं, भाड्याचं आहे, विकायचा प्रश्न कुठे येतो. "बरं आहे," त्या म्हणाल्या, "नसतंच गेलं."

ही आमची ओळख. मी तेव्हा कुवेतला नुकतीच आले होते. नवरा मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत, मला तिथल्या एका भारतीय शाळेत नोकरी आणि फहाहीलच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड. समोरच्या दारात रेडीज. नव्वद सालच्या इराकी आक्रमणात जॉर्डनमार्गे भारतात पळालेली आणि वर्षा-दीड वर्षाने परत आलेली जी जुनी मंडळी होती, त्यांतली ही दोघं. श्रीयुत रेडीजही रिफायनरीतच होते. त्यांच्याविषयी सांगण्यासारखं एवढंच की ते फार बोलत नसत, आणि का बोलत नसत हे बाई बोलायला लागल्या की कळायचं.

बाईंचा उद्योग काय, हे मला पहिले काही महिने समजलंच नाही. कुवेतमध्ये आपल्यासारख्यांना घर विकत घेता येत नाही. इंजिनिअर असो की अब्बासियाच्या वस्तीत आठजणांत एक खोली घेऊन राहणारा सुतार असो, सगळे भाडेकरू. अशा देशात चिपळूणची एक बाई कुवेती लोकांची घरं विकून देत होती. म्हणजे विकायची दुसरीच बाई. रेडीजबाई घर लावून द्यायच्या. 'लावून' हा त्यांचाच शब्द. त्यांच्या वडिलांचं चिपळूणला कापडाचं दुकान होतं आणि दसऱ्याच्या आधी ते सगळं दुकान उतरवून नव्याने लावायचं, हे त्या लहानपणापासून करत आल्या होत्या. दुकान लावतात तसं घर लावायचं, त्यात काय आहे, असं त्या म्हणत. त्यात काय आहे हे मात्र समोरच्याला तासभर ऐकावं लागे.

सुरुवात झाली ती आमच्या घरमालकिणीपासून. तिला सगळे उम्म फहद म्हणत, म्हणजे फहदची आई. तिकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावानेच ओळखतात. ही उम्म फहद घरांची दलालीही करायची आणि तिच्या बहिणीचं घर काही केल्या खपत नव्हतं. रेडीजबाई एकदा भाड्याची पावती मागायला गेल्या, उम्म फहद बहिणीकडे आहे म्हणून तिथे पोचल्या आणि पावती राहिली बाजूला, तिथल्या खुर्च्या हलवायला लागल्या. ते घर आतून इतकं सोनेरी होतं की डोळे दिपायचे. खुर्च्यांचे पाय सोनेरी, आरशांच्या चौकटी सोनेरी, टिशूच्या डब्यालासुद्धा सोनेरी झालर. बाईंनी अर्धं सोनं गच्चीवरच्या खोलीत कोंबलं, पडदे धुवायला काढले, बंद पडलेलं घड्याळ उतरवलं. पंधरवड्यात घर गेलं. तेव्हापासून उम्म फहदने त्यांना सोडलं नाही. बायकांच्या खोल्यांतून बिनदिक्कत फिरणारी, आणि फिरता फिरता मालकिणीचा अपमान करणारी, दुसरी बाई तिला कुठे मिळणार होती?

मी यात आले ती ड्रायव्हर म्हणून. माझ्याकडे लायसन्स होतं, तिसऱ्या खेपेला मिळालेलं, आणि एक पांढरी जुनी गाडी. शेजारधर्म म्हणजे काय याची बाईंची व्याख्या अशी की शेजाऱ्याकडे गाडी असेल तर ती आपली. शाळा सुटली की मी गाडी काढायची, त्या मागे बसायच्या. पुढे नाही, कारण पुढे बसलं की माझं चालवणं दिसतं, असं त्या म्हणत.

कुठल्याही घरात शिरल्यावर त्यांचा क्रम ठरलेला असे. आधी हुंगायचं. मग प्रत्येक खोलीत भिंतीला टेकून खाली फरशीवर बसायचं आणि खोली बघायची. त्यांचं म्हणणं, गिऱ्हाईक उभं राहून घर बघतं पण मनातल्या मनात ते तिथे बसलेलं असतं. मग न्हाणीघर. उन्हाळ्यात तिकडे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की थंड पाण्याचा नळ सोडला तर हात भाजतो. बाई आदल्या दिवशी गिझर बंद करून ठेवायच्या. घरात, एसीच्या गारव्यात राहिलेलं गिझरमधलं पाणी गार पडायचं, आणि घर बघायला आलेल्या बायकांना त्या गरम पाण्याच्या नळावर हात धुवायला लावायच्या. बाहेर पन्नास अंशांचं ऊन आणि हातावर गार पाणी. अर्ध्या बायका तिथेच घर पसंत करायच्या. हा विचार फक्त आपल्यालाच सुचला अशी बाईंची समजूत होती. सगळं कुवेत उन्हाळ्यात तसंच हात धुतं, हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

सगळ्यात कडक नियम मालकांसाठी होता. घर बघायला माणसं येणार त्या वेळी मालक घरात दिसता कामा नये. भिंतीवरचे आजोबा खाली, मुलांच्या शर्यतीतल्या ढाली खाली, लग्नाचे फोटो कपाटात. "राहणारं माणूस हा घरावरचा सगळ्यात मोठा डाग," त्या म्हणायच्या, "तो आधी काढायचा. गिऱ्हाईक तुमचं घर बघायला येत नाही, आपलं बघायला येतं. तुमचे आजोबा भिंतीवर ठाण मांडून बसले तर त्यांचे कुठे बसणार?" हे सगळं त्या हिंदी, मराठी आणि दहा-बारा अरबी शब्दांच्या मिश्रणात सांगत, आणि कुवेती बायका मुकाट्याने आजोबा उतरवत.

एवढ्या तत्त्वांचा माणूस स्वतःच्या घरी कसा राहत असेल, असं कुणालाही वाटेल. रेडीजांच्या घरात बसायला जागा नव्हती. चिपळूणला बांधायच्या बंगल्यासाठी घेतलेला टीव्ही खोक्यात, मिक्सर खोक्यात, चिनी मातीचे दोन सेट खोक्यात, आणि सोफ्यावर दुकानातून आला तेव्हाचा प्लास्टिकचा कागद, ज्यावर बसलं की उन्हाळ्यात उठताना आवाज होई. स्वयंपाकघरात सुक्या बोंबलांचा वास कायमचा मुक्कामाला. मी एकदा धीर करून म्हटलं, ताई, हे घर गेलं असतं का? त्या म्हणाल्या, हे घर नाही, गोडाऊन आहे, घर चिपळूणला आहे. चिपळूणला तेव्हा नुसता प्लॉट होता.

त्यांचा हात कसा लागे याची एक गोष्ट फहाहीलच्या मराठी मंडळात कित्येक वर्षं सांगितली जायची. एका बंगल्याच्या कामाला शुक्रवारी सुरुवात करताना बाईंनी सवयीने उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं. दुकानात बोहनीच्या आधी वाहतात तसं. मालक कुवेती, दलाल कुवेती, येणारं गिऱ्हाईक कुवेती, त्यात कोकणातलं कुंकू कशाला, हा प्रश्न त्यांना पडला नाही. नंतर झाडलोट करणाऱ्या माणसाने पायऱ्यांवर पाणी मारलं आणि ते कुंकू लाल ओघळ होऊन खालपर्यंत आलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. एक म्हातारे गृहस्थ, दोन मुलं, मागे बायका. म्हातारा पायरीवरच थबकला. तिकडे नव्या घरात शिरताना काही लोक दारात मेंढी कापतात. त्याने लाल पाणी पाहिलं आणि त्याची खात्रीच पटली की आपल्याआधी कुणीतरी घर घेऊन मेंढी कापून मोकळं झालं आहे. कुणीतरी म्हणजे त्याचा चुलतभाऊ, कारण त्याचाही या घरावर डोळा होता. उम्म फहद शपथा घेऊ लागली तसा त्याचा संशय वाढला. घर आतून न बघताच म्हाताऱ्याने तिथल्या तिथे चुलतभावापेक्षा जास्त बोली लावली आणि घर घेतलं.

त्यानंतर उम्म फहद प्रत्येक घराला ती लाल पूड टाक म्हणून मागे लागली. बाईंनी साफ नकार दिला. देवाचं आहे, धंद्यासाठी वापरायचं नाही, असं त्यांनी सुनावलं. आधी काय देवळासाठी वाहिलं होतं का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी मला गाडी नीट चालवायला सांगितली.

अशा या बाईंच्या हाताखालून गेलेलं एकही घर पडून राहिलं नव्हतं, आणि हे त्या कुणालाही, म्हणजे मासळीवाल्यालासुद्धा, सांगत. ही त्यांची अब्रू होती. श्रीयुत रेडीजांचं प्रमोशन हुकलं, मंडळाच्या निवडणुकीत त्या स्वतः पडल्या, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण घर पडून राहणं त्यांना चाललं नसतं. म्हणून पुढे जे झालं त्याचं मला आजही नवल वाटतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. उम्म फहदच्या दूरच्या नात्यात एक विधवा होती, उम्म सालेम. तिचं फहाहीलजवळ जुनं दुमजली घर होतं. नवरा वारला होता. दोघं धाकटे मुलगे नव्या वस्तीत राहायला गेले होते आणि त्यांना हे घर विकून वाटण्या करायच्या होत्या. आई आमच्याकडे राहील, असं दोघंही म्हणत. कोणाकडे, ते मात्र ठरलं नव्हतं. थोरला मुलगा सालेम आक्रमणाच्या महिन्यांत बेकरीवर खबूस, म्हणजे तिकडची रोटी, आणायला म्हणून गेला आणि रस्त्यातल्या चौकीवर सैनिकांनी त्याला उचलून नेलं. त्यानंतर त्याचा पत्ता नाही. कुवेतमध्ये असे बेपत्ता झालेले शेकडो होते. त्यांचे फोटो चौकाचौकांत लागलेले असत आणि आम्ही नोकरीवर जाता-येता ते बघून न बघितल्यासारखे पुढे जायचो.

म्हातारी घर विकायला नाही म्हणत नव्हती. मुलांपुढे तिचं चालत नव्हतं. ती फक्त दारात बसायची आणि घर बघायला येणाऱ्या प्रत्येकाला हात धरून सांगायची, "घर घ्या, पण दार बदलू नका. सालेम आला तर त्याला हेच दार ठाऊक आहे. मी कुठे गेले ते त्याला सांगा." लोक इन्शाल्ला म्हणायचे, कॉफीसुद्धा न पिता निघून जायचे आणि पुन्हा फिरकायचे नाहीत. शेवटी मुलगे उम्म फहदकडे आले, उम्म फहद रेडीजबाईंकडे. ठरलं असं की म्हातारीला काही दिवस खैरानला समुद्रकाठच्या शॅलेवर, म्हणजे सुट्टीच्या बंगल्यावर, न्यायचं, तेवढ्यात बाईंनी घर लावायचं आणि दाखवायचं. बाईंच्या नियमात हे अगदी चपखल बसत होतं. त्या म्हणाल्या, आई घरात नसेल तर महिन्यात घर काढून देते.

म्हातारीला गाडीत बसवून नेलं त्या दुपारी आम्ही तिथे पोचलो. ती जायला तयार नव्हती. गाडीची काच खाली करून मागे दाराकडे बघत गेली. बाई नेहमीप्रमाणे हुंगत आत शिरल्या, खालच्या खोल्यांत बसून झालं, दिवानियातल्या म्हणजे पुरुषांच्या बैठकीतल्या गाद्यांना नावं ठेवून झाली, आणि वर गेल्या. वर सालेमची खोली होती. ती रिकामी करायची हे पहिलं काम, असं मुलांनी बजावलं होतं.

खोलीत धुतलेली चादर घातलेली होती. त्यावर इस्त्रीचा दिशदाशा, पांढरा पायघोळ झगा, घडी घालून ठेवलेला. उशाला पाण्याची बाटली, आणि ती आजची होती. खिडकीच्या फटीत ओलं फडकं कोंबलेलं, वाळू आत येऊ नये म्हणून. पुस्तकांवर धूळ नाही. बाई फरशीवर भिंतीला टेकून बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. मी म्हटलं, खोकी आणू का?

"नको," त्या म्हणाल्या. "या खोलीत मी काय लावू? ही लावलेलीच आहे."

मला वाटलं, आता टोमणा येईल. आला नाही. त्या म्हणाल्या, "बाबांच्या दुकानात कोणी साडी राखून ठेवा सांगून गेलं, की ती दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायची नाही. वर्ष झालं तरी नाही. एकदा आईच म्हणाली, येत नाही ती बाई, काढा विकून. तर बाबा म्हणाले, ती येणार नाही हे तिने मला सांगितलेलं नाही." मग पदर खोचून उठल्या. "तू घरी जा. माझ्या स्वयंपाकघरात पत्र्याच्या डब्यात सुके बोंबील आहेत. सगळे घेऊन ये."

त्यानंतर रेडीजबाईंनी ते घर लावलं. त्यांच्या सगळ्या आयुष्यात इतकं मन लावून त्यांनी कुठलंच काम केलं नसेल. गिझर चालू केला, म्हणजे कुठल्याही नळाला उकळतं पाणी. एसीच्या जाळीत चिंधी घातली, तो घरघरायला लागला. बैठकीच्या छताजवळ स्टुलावर चढून कोऱ्या चहाच्या पाण्याने ओल आल्यासारखा असा डाग रंगवला की तो रंगवताना बघत असूनही मी त्याखालून बाजूला झाले. आणि माणसं यायच्या आधी तव्यावर बोंबील भाजले. कुवेती माणूस मासळीचा भोक्ता, पण ताज्या. आमच्या बोंबलाचा वास त्या बिचाऱ्यांनी कधी घेतलेला नव्हता. पहिलं कुटुंब जिन्यापर्यंतसुद्धा गेलं नाही. दुसऱ्या कुटुंबातल्या बाईने नाकाला रुमाल लावून विचारलं की घरात काही मेलं आहे का. बाईंनी चेहरा गंभीर करून माहीत नाही म्हटलं. सालेमच्या खोलीला मात्र त्यांनी हात लावला नाही; तिथे वास जाऊ नये म्हणून दाराखाली टॉवेल दाबला होता.

महिना गेला. म्हातारीला खैरानहून परत आणावं लागलं. मुलगे वैतागले. मग एक दिवस उम्म फहद स्वतः बघायला आली. ती काही कालची दलाल नव्हती. तिने दारात नाक वर केलं, आमच्या इमारतीची मालकीण असल्यामुळे तो वास तिला जिन्यावरून पाठ होता. मग छताखाली उभी राहून डागाकडे बघितलं, स्टूल ओढलं, बोट लावलं, बोट हुंगलं. मी नजर चुकवून दुसरीकडे बघत होते. उम्म फहद खाली उतरली, म्हातारीच्या शेजारी बसली, दोन पेले कॉफी प्यायली आणि मुलांना म्हणाली, या घराला सध्या गिऱ्हाईक नाही, थांबा. परत जाताना तिने बाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

बाहेर मात्र बभ्रा झाला. रेडीजबाईंचा हात गेला, घर पडून राहिलं, असं दुसऱ्या दलाल बायका सांगू लागल्या. कामं कमी झाली. मराठी मंडळात लोक मुद्दाम चौकशी करायचे, ताई, ते घर गेलं का हो? ज्यांना त्या वर्षानुवर्षं टोचून बोलल्या होत्या ते सगळे आता फार काळजीने विचारायचे. बाई म्हणायच्या, नाही गेलं. पुढे एक शब्द नाही. मला राग यायचा. मी म्हणायची, खरं सांगून टाका ना. त्यांनी मला विचारलं, काय सांगू, मी घर खराब करते? त्या जोवर बोलत होत्या तोवर मी त्यांना हसत आले होते. त्या गप्प राहायला लागल्या तेव्हा माझं त्यांच्यावर प्रेम बसलं.

दोन हजार तीन साली इराकमधली राजवट कोसळली. तिथल्या वाळवंटातल्या सामूहिक कबरी उघडायला लागल्या आणि हाडांवरून माणसं ओळखायचं काम सुरू झालं. अधूनमधून झेंड्यात गुंडाळलेल्या शवपेट्या विमानाने यायच्या. कुणाकुणाचं नाव लागायचं, कुणाचं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी सालेमचं लागलं. दफन झाल्यावर बायका भेटायला जातात तेव्हा आम्हीही गेलो. उम्म सालेमने बाईंना जवळ बसवून घेतलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "सालेम आला. आता विका."

त्या खेपेला बाईंनी म्हातारीला कुठे पाठवलं नाही. छत रंगवून घेतलं, एसी नीट केला, आणि सालेमची खोली दोघींनी मिळून आवरली. मला आत बोलावलं नाही, मीही गेले नाही. घर लगेच गेलं. एका तरुण जोडप्याने घेतलं. बाई त्याच वर्षी कायमच्या चिपळूणला परतल्या, त्यामुळे त्यांचं माझ्या डोळ्यांसमोर राहिलेलं शेवटचं चित्र त्या घराच्या दारातलंच आहे.

नव्या मालकाचा माणूस किल्ली घ्यायला आला होता. मुलगे एकमेकांकडे बघायला लागले. किल्ली दोघांकडेही नव्हती. तेव्हा कळलं की सालेम खबूस आणायला किल्ली न घेता गेला होता, म्हणून त्या दिवसापासून ते दार म्हातारीने रात्रीचंसुद्धा कधी लावलं नव्हतं. किल्ली तिच्याकडे होती, अंगावरच्या काळ्या अबायाच्या आतल्या खिशात. तिने ती काढली, कुलपात घातली, पण इतक्या वर्षांचं ते कुलूप फिरेना. मुलगा पुढे झाला तसं बाईंनी त्याला हाताने मागे सारलं. म्हातारीच्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला आणि दोघींनी मिळून जोर लावला. बाई रडत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पहिल्यांदा बघितलं. कुलूप करकरलं आणि फिरलं. लागलं आहे ना हे बघायला उम्म सालेमने तळहाताने दार एकदा ढकललं. ते उघडलं नाही.